हौदाकडचा स्टड

माझं पोट लवकर दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं लपवलं. दुसऱ्याच्या हातातला पाना माझ्या पान्यापेक्षा बरा दिसला तरी मला जेवण गोड लागत नसे. पुसदला माझं टिनाच्या छपराचं छोटं दुकान होतं. साठ सालच्या आगंमागं आमच्या भागात ऑइल इंजिन खोलणारे मिस्त्री बोटावर मोजण्याइतके, आणि त्यातलं पहिलं बोट मी, असं मीच धरून चाललो होतो. नट कितीही गंजलेला असो, पान्याच्या दांडीत चार फुटी पाइप घालायचा आणि अंगाचं वजन टाकायचं, ही माझी पद्धत. सुटला तर सुटला, नाही तर तुटला, पण माझ्यापुढं अडून राहिला नाही. लोक मला पाइपवाला मिस्त्री म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

माझी थोरली बहीण फुलसावंगीला दिलेली. मी तिला अक्का म्हणायचो. भावजी गेले तेव्हा तिच्यामागं एक पिठाची गिरणी राहिली आणि ती चालवणारं जुनं विलायती इंजिन. उभं, एका सिलेंडरचं, छातीएवढं उंच, शेजारी पाण्याचा हौद. मूलबाळ नव्हतं. तिचा दीर केळापूरकडं राहायचा. त्याच्या घरी चार पोरं, बायको सदा अंथरुणावर, त्याला फुकटात राबणारी भावजय पाहिजे होती. दर दिवाळीला येऊन ओसरीवर बसायचा आणि म्हणायचा, "वयनी, ज्या दिवशी इंजिन बसलं त्या दिवशी सामान बांधा. एकटी बाई काय करते इथी?" अक्का त्याला चहा द्यायची आणि सांगायची, "गिरणी हाय तवरक मी माह्या घरची मालकीन हाय." त्या इंजिनावर माझ्या बहिणीचं सगळं उभं होतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तरी मी चूक केली. दिवाळीला आठ-नऊ दिवस असताना मोटारवाल्याच्या हाती तिची चिठ्ठी आली. इंजिनाच्या हेडखालून धूर निघून राह्यला, पाणी गळून राह्यलं, ताबडतोब ये. म्हणजे हेड या वरच्या झाकणाखालचं गॅस्केट, धूर-पाणी अडवणारी चकती, जळलं होतं. माझ्या हाताखाली तेव्हा एक जीप होती. मी म्हटलं, राहू दे चार दिवस, अक्का कुठं पळून जाते? दुसरा मिस्त्री तिला मिळणार कुठं, असं माझ्या मनात. चौथ्या दिवशी पेटी घेऊन मोटारीत बसलो आणि ऐटीत फुलसावंगीला उतरलो.

गिरणीच्या दारात नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या. त्या पाहिल्या आणि मी पेटी तिथंच खाली ठेवली.

आमच्या धंद्यात तेव्हा एक रीत होती. हेड उघडण्याआधी इंजिनापुढं नारळ फोडायचा, आणि ज्यानं नारळ फोडला त्यानंच हेड परत बसवायचं. मधे दुसऱ्या मिस्त्रीनं हात घालायचा नाही. सख्खा बाप असला तरी नाही. म्हणजे माझ्या बहिणीच्या इंजिनावर कोणा दुसऱ्यानं नारळ फोडला होता.

आत एक माणूस उकिडवा बसला होता. माझ्याच वयाचा, काटकुळा, डोक्याला लाल फेटा. जवळच्या तांड्यावरचा बंजारा. सडकेच्या कामावर रोलर चालवता चालवता मिस्त्रीकाम शिकला होता, हे मला नंतर कळलं. त्यानं मान वर करून "रामराम मिस्त्री" म्हटलं आणि पुन्हा कामाला लागला. हेड निघालेलं होतं! माझ्या अंदाजानं ते काढायलाच दोन दिवस आणि दहा शिव्या लागल्या असत्या. त्यानं लाकडाच्या पाचरी मारून, घासलेट पाजून, एक ओरखडा न उठवता काढून बाजूला गोणपाटावर ठेवलं होतं.

"चार दिवस वाट पाह्यली तुही," अक्का म्हणाली. "दिवाळीचं दळण पडून हाय. दीर येऊन राह्यला. मी काय करू? या भाऊले बोलावलं."

भाऊ! हा भाऊ कुठून आला? आणि तो तिला बाई म्हणत होता. त्यांच्या गोरबोलीत थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

आता कामाचं थोडं सांगितलं पाहिजे, नाही तर माझं पाप कळायचं नाही. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. खालचं टोक ब्लॉकमध्ये आट्यांनी घट्ट, वरचं टोक हेडमधून बाहेर, त्यावर नट. असे सहा स्टड हेडला दाबून धरतात. पाच त्यानं काढले होते. सहावा, हौदाकडचा, पाण्यानं गंजून बसला होता. त्याचे वरचे आटे गंजानं खाल्लेले, नुसतं मधलं अंग धडधाकट, म्हणजे नवा घातल्याशिवाय हेड बसणार नाही. आणि तो ब्लॉक बीडाचा, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचा. स्टड आत तुटला आणि तो कोरून काढताना ड्रिल जरा तिरपं गेलं, तर पाण्याच्या पोकळीला भोक पडून ब्लॉक बाद. तसला ब्लॉक आमच्या मुलखात दुसरा नव्हता. ब्लॉक गेला की गिरणी गेली, आणि अक्का केळापूरला दिराची भांडी घासायला.

हा माणूस त्या स्टडशी काय करत होता म्हणाल? लाड! ब्लो लॅम्पनं भोवतीचं बीड तापवायचा, मग मधाच्या पोळ्याचं मेण बुडाशी टेकवायचा. मेण वितळून आट्यांत उतरायचं. मग छोट्या हातोडीनं टुक टुक. मग पाना लावून केसभर आवळायचा, केसभर सैल करायचा. मग कान लावून बसायचा.

"काय ऐकून राह्यले?" मी विचारलं.

"आवाज. अजून बद्द येते, मिस्त्री. टन्न आला का समजायचं, सोडलं त्यानं."

"पाइप लावा न. एका झटक्यात बाहेर."

तो हसला. खवचट नव्हतं ते हसणं, तरी मला तसंच वाटलं. "जुनं हाय," म्हणाला. "झटका सहन नाही होनार त्याले."

दुपारी अक्कानं दोघांना जेवायला बसवलं. भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी. काठाचं पितळी ताट तिनं त्याच्यापुढं ठेवलं. माझं ताट ते! आईनं अक्काला लग्नात दिलेलं, आणि त्या घरात मी आलो की मीच त्यात जेवायचो. मला जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची थाळी. "भाऊ, आनखीन एक घ्या, सकाळपासून वाकून बसले तुमी," तिचं चाललं होतं. मी चार दिवस उशिरा आलेला सख्खा भाऊ, मला कोणी घ्या म्हणेना. वर म्हणते कशी, "यंदा भाऊबीजेले दोन पाट मांडीन. एक याचा, एक तुहा." त्या माणसाचा मला इतका राग आला की त्याच्या फेट्याची गाठसुद्धा मला बघवेना. काय बिघडवलं होतं त्यानं माझं? काहीच नाही. उलट माझं बिघडलेलं तो नीट करत होता.

जेवण झाल्यावर मेण संपलं म्हणून तो तांड्यावर गेला. जाताना मला म्हणाला, "थंड होऊ द्या त्याले. मी आल्यावर पाहू." अक्का घरात. गिरणीत मी आणि तो स्टड.

मी हातोडी उचलली. टुक केलं. मला टन्न ऐकू आलं. आज विचाराल तर सांगता येत नाही खरंच टन्न होतं की मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं. मी म्हटलं, सुटला आहे हा, आणि हा लेकाचा मुद्दाम लांबण लावून बसलाय, पितळी ताटात जेवता यावं म्हणून. आत्ता काढून हातात देतो अक्काच्या. नारळ कोणाचा का असेना.

पाना आवळला. पाइप घातला. पाय भिंतीला लावले आणि वजन टाकलं. करकर आवाज आला आणि दांडी हलली. अहाहा! इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. अजून जोर लावला. आणि मग हाताला ते मऊ लागलं. ज्यानं हे काम केलं आहे त्याला तो मऊपणा माहीत असतो. स्टड फिरत नसतो, पिळत असतो. तिथं थांबायचं असतं, आणि मला ते कळत होतं. तरी मी थांबलो नाही. कट् झालं आणि मी पाइपासकट पिठाच्या कोठीवर जाऊन आदळलो. स्टड ब्लॉकच्या तोंडाच्याही खाली तुटला होता, पकडायला नखभर लोखंड वर नव्हतं.

मी तिथंच बसून राहिलो. तेवढ्यात तो मेण घेऊन आला आणि त्याच्या मागोमाग अक्का चहा घेऊन.

"काय झालं?" तिनं विचारलं. मग तिला दिसलं. "हे कसं तुटलं? कोनं तोडलं?"

त्यानं ब्लॉकच्या भोकाकडं पाहिलं. मग कोठीला टेकलेला पाइप पाहिला, पाना अजून त्यातच होता. मग माझे हात. मी जीभ हलवायला पाहिजे होती. नाही हलली.

"माह्या हातून गेलं, बाई," तो म्हणाला. "जादा तापवलं मी. जेवाच्या आधीच पीळ बसला होता, आता हात लावल्याबरोबर गेलं."

अक्कानं चहा गोणीवर ठेवला आणि वाकून त्या भोकात बोट घालून पाहिलं. "मी माह्या भावाची वाट पाह्यली असती तं बरं झालं असतं," ती म्हणाली. "कायले तुमाले बोलावलं मी! आता मी केळापूरले जाऊ का?"

त्यानं आणलेलं मेण पेटीत ठेवलं आणि छिन्नी काढली. आणि मी? मला ते गोड लागलं. हो, लागलं. बहिणीचं घर बुडायची वेळ आलेली आणि मला तिचं 'माह्या भावाची' एवढंच ऐकू येत होतं. जळो तसलं मन, पण ते माझंच होतं.

पुढचे दोन दिवस त्यानं त्या भोकाशी काढले. आधी तुटलेलं तोंड छिन्नीनं सपाट केलं. मधोमध पंच मारायला, म्हणजे ड्रिल टेकवायची खूण करायला, अर्धी सकाळ घेतली, उजेड सरकला की काम थांबवायचा. मग हातानं फिरवायचं ड्रिल छातीनं दाबून, चार फेरे, फुंकर, पुन्हा चार फेरे. अक्का दारात उभी राहायची, बोलायची नाही. जेवायला त्याचं त्यालाच वाढून घ्यायला सांगायची, आणि पितळी ताट परत माझ्यापुढं आलं होतं. तो जर्मनच्या थाळीत भाकर कुस्करायचा. एकदाही त्यानं माझ्याकडं तसं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रिल पुरेसं खोल गेलं, सरळ, तसूभर इकडं तिकडं नाही. कानशीचं चौकोनी शेपूट त्यानं भोकात ठोकलं, पाना लावला, पुन्हा तेच, तापवणं, मेण, टुक टुक, कान. मग एकदम टन्न. मीसुद्धा ऐकलं, खरोखरचं टन्न. तुकडा कुंई करत वर आला. त्याच्या पेटीत जुन्या रोलरचा एक स्टड होता, त्याचे आटे जुळले. धनतेरसला नवं गॅस्केट घालून त्यानं हेड बसवलं, मी ते बघायलाही थांबलो नाही, आणि इंजिन पहिल्याच हिसक्याला लागलं. लोक डाळीचे डबे घेऊन रांगेत उभे राहिले. दीर आला, गिरणीचा आवाज ऐकत चहा प्याला आणि परत गेला.

भाऊबीजेला अक्कानं दोन पाट मांडले. मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "बोलावू का रे त्याले? चुकलं त्याचं, पन निस्तरलं तं त्यानंच."

मी काय म्हणालो असेन? "कायले बोलावते? त्यानंच तं तोडला होता."

तिनं एक पाट उचलून भिंतीला उभा करून ठेवला. मला ओवाळलं. माझ्या मनासारखं झालं.

तीन वर्षं इंजिनानं कुरकुर केली नाही. तांड्यावरच्या बाया ज्वारी घेऊन यायच्या, तो कधी आला नाही. कोणी बोलावलंच नाही. मी मात्र पुसदला छाती फुगवून सांगायचो की बहिणीची गिरणी माझ्या हाताखाली आहे. चौथ्या वर्षी, ज्येष्ठात, इंजिन जरा धाप टाकायला लागलं. व्हॉल्व्ह घासायला झाले होते, म्हणजे हेड उघडणं आलं. मी दोन दिवसांची तयारी करून गेलो. घासलेट, छिन्नी, घन, आणि पाइप तर होताच. ऐटीत नारळ फोडला. माझा नारळ, माझ्या बहिणीच्या इंजिनापुढं.

पहिल्या नटाला पाना लावला, जोर लावायला दात आवळले, आणि तोल जाऊन पुढं झालो. नट मनगटाच्या हिसक्यानं सुटला होता. पुढं बोटांनी फिरला. दुसराही तसाच. सहाही. हेड उचललं, आलं. स्टड बघावे म्हणून दोन नट जोडून हौदाकडचा फिरवून पाहिला, तोही लोण्यातून यावा तसा वर आला. आट्यांवर काळपट पिवळं मेण होतं. प्रत्येक आट्यावर, सहाही स्टडला, वर आणि खाली.

मी तो स्टड हातात घेऊन बसलो. ज्या दिवशी त्यानं ते मेण लावलं त्या दिवशी त्याला ठाऊक होतं की या गिरणीत त्याला पुन्हा कोणी बोलावणार नाही. पुढचा नारळ मी फोडणार. म्हणजे ही सगळी काळजी माझ्या हातांसाठी घेतली होती. आणि खरं सांगू? त्याही वेळी मला आधी हेवाच वाटला. मी त्याच्या जागी असतो तर कोरडे आवळले असते, चांगले पाइप लावून. त्याला हे जमलं कसं, म्हणून पोट दुखलं.

अक्का चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अवं बाई! एवढ्यात सुटलं? याले म्हनतात हात. त्यानं तं तोडूनच टाकला होता."

चार वर्षांपूर्वी असलंच बोलणं मला गोड लागलं होतं. आता ते कडू लागलं.

"अक्का," मी म्हटलं, "तो मी तोडला होता. तो मेन आनाले गेलता तवा. पाइप लावून."

तिनं चहा खाली ठेवला. सहाही नट एकेक उचलून पाहिले. "त्या मानसाले मी माह्या हातानं वाढलं नाही," एवढंच म्हणाली. मग आवाज चढला. "पाना ठेव खाली. ऊठ. तांड्यावर जा अन् त्याले घेऊन ये. त्याच्याबगर हेडाले हात लावशीन तं माह्याशी गाठ हाय."

मी उन्हात कोसभर चालत गेलो. तो खाटेवर बसून जोताचा दोर वळत होता. मी कसं बोलायचं याची वाटेत जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरली. त्यानंच विचारलं, "नट सुटले ना हातानं?"

"सुटले," मी म्हणालो.

"मंग झालं," तो म्हणाला, आणि दोर बाजूला ठेवून उठला.

गिरणीत आल्यावर त्यानं हेडला बोट लावलं नाही. "नारळ कोनाचा? तुमचा न? तुमीच मिटवा." तो गोणीवर बसून राहिला. मी व्हॉल्व्ह घासले, आयुष्यात पहिल्यांदा आट्यांना मेण लावलं, तो सांगेल तसं, आणि पाइपाशिवाय हेड बसवलं. इंजिन लागलं.

तोवर अक्का घरातून आली. हातात ओवाळणीचं ताट, तेच काठाचं पितळी. ज्येष्ठात, भर दुपारी, भाऊबीज नाही की काही नाही. तिनं पिठानं माखलेल्या जमिनीवर पाट मांडला. एकच. त्याला बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. तिचे डोळे भरले होते, त्याला हात कुठं ठेवावे कळेना. खोटं कशाला बोलू, तेव्हाही माझं पोट दुखलं. त्यालाही ते दिसलं असावं, कारण तो पाटावरून उठला, मला दंडाला धरून पुढं ओढलं आणि म्हणाला, "बाई, यालेबी."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. "त्याचं दिवाळीले पाहू," ती म्हणाली, आणि ताट घेऊन घरात गेली.

दिवाळीला अजून पाच महिने होते.